बंक बेड घ्या, पण दिवाळीनंतर

प्रश्न: आम्ही नागपुरात मनीषनगरला भाड्याच्या टू बीएचकेत राहतो. बेसाच्या आमच्या फ्लॅटचा ताबा दोन वर्षांनी आहे. मुलगी 11 वर्षांची, मुलगा 7 चा. शोरूममध्ये जिन्याचे ड्रॉवर असलेला बंक बेड (एकावर एक दोन पलंग) 62,000 ला, बिनव्याजी हप्त्यांवर मिळतोय; 2,000 टोकन दिलंय. ऑनलाइन लोखंडी 19,000 ला आहे आणि सुतार सागवानाचा 42,000 ला करून देतो म्हणतो. महिन्याला आठ-नऊ हजार उरतात, बाजूला ठेवलेले 1,10,000 आहेत. वर्षभर मुलीच्या सुकन्या समृद्धी बचत खात्याचे महिन्याचे 5,000 थांबवून शोरूमचा घ्यावा का?

उत्तर: ताई, शोरूमचा घेऊ नका, आणि सुकन्याला तर हातच लावू नका.

आधी हप्त्याचं बघू. तोच बेड एकरकमी किती, असं दुकानदाराला विचारा. समजा तो 56,000 म्हणाला, तर वरचे 6,000 हेच तुमचं व्याज. बारा हप्त्यांत ते वर्षाला साधारण 19 टक्क्यांनी पडतं. प्रोसेसिंग फी वेगळी. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना सुनावलं आहे.

सुकन्याचं खातं वर्षाला 250 रुपयांवरही चालू राहतं, त्यामुळे थांबवणं सोपं वाटतं. पण त्यावरचं व्याज करमुक्त आहे आणि जानेवारी 2024 मध्ये दर 8.2 टक्के झाला. मुलगी तीन वर्षांची असताना खातं उघडलं असेल, तर मुदत संपायला अजून 13 वर्षं आहेत. हाच दर धरला तर यंदा न भरलेले 60,000 तेव्हा दीड लाखाच्या वर गेले असते. ड्रॉवरच्या जिन्यासाठी ही किंमत मला जड वाटते.

आता खरा मुद्दा. मुलगी 11 ची आहे. तीन-चार वर्षांत ती स्वतःची खोली, निदान स्वतःचा कोपरा मागणार, आणि मागायलाच हवा. म्हणजे बंक म्हणून वापर चार वर्षं. शोरूमचा बेड पार्टिकल बोर्डाचा असणार (विचारून घ्या). बेसाला नेताना तो उघडून पुन्हा जोडला की स्क्रूची भोकं सैल होतात. चार वर्षांचे 62,000 म्हणजे वर्षाला साडेपंधरा हजार. सुताराचा बेड मधून सुटून दोन सिंगल बेड होत असतील, तर बारा वर्षं सहज, वर्षाला 3,500. लोखंडी चार वर्षांत 4,750 पडतो. तोही वाईट नाही; बेसानंतरही घर बदलायचं असतं तर मी तोच सुचवला असता.

पण 42,000 आज काढले तर राखीव रकमेला मोठं भगदाड पडेल. जूनमध्ये फी-पुस्तकं असतात, तेव्हा जुलैपासून महिन्याला 8,500 वेगळ्या आरडीत टाका. नोव्हेंबरपर्यंत 42,500 होतात. तोवर मुलं खाली गादीवर झोपली तर बिघडत नाही. उलट नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) कूलरचा गारवा खालीच राहतो. बंकच्या वरच्या पलंगावरचं तुमचं पोर स्लॅबखाली भाजून निघालं असतं आणि शेवटी हॉलमध्येच येऊन झोपलं असतं.

सुताराशी बोलताना लाकूड किती घनफूट लागेल ते लिहून घ्या आणि लकडगंजच्या लाकूडबाजारात स्वतः भाव विचारून या. सागवान गाभ्याचं हवं. कडेच्या पांढऱ्या भागाला वाळवी आणि भुंगा दोन्ही लागतात, आणि पॉलिश झाल्यावर तो ओळखू येत नाही; म्हणून पॉलिशच्या आधी बघायला जा. जोड खिळ्यांचे नकोत, नटबोल्टचे हवेत. माप 72 बाय 36 इंच ठेवा, म्हणजे पुढे गाद्या बाजारात मिळतात. सध्या घरच्या कापसाच्या गाद्याच पिंजून घ्या. वरचा कठडा चारही बाजूंनी आणि गादीच्या पाच इंच वर. पंखा बेडच्या डोक्यावर येत असेल तर खोलीची मांडणी आधी बदला. सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नये, अशी सूचना बेडवर लावायचा अमेरिकेत नियम आहे. तुमचा सात वर्षांचा आहे, तरी मी मुलीलाच वर पाठवीन.

ॲडव्हान्स एक तृतीयांशच द्या, उरलेले बेड घरात जोडून हलवून बघितल्यावर. शोरूमचं टोकन परत मागा. नाही दिलं तर 2,000 गेले समजा, त्यांच्यामागे 60,000 पाठवू नका.