कन्व्हर्टर बदलण्याआधी तो कशाने बिघडला ते शोधा

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: २०२० ची बीएस-६ पेट्रोल गाडी, रोजची सांगली-मिरज ये-जा, चेक इंजिनचा पिवळा लाईट मधूनच लागतो, स्कॅनरवर पी०४२० (कन्व्हर्टर नीट काम करत नाही, असं सांगणारा कोड) दिसतो, पीयूसी मात्र पास. एका वर्कशॉपने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या पाईपमधला, विषारी धूर निवळणारा डबा) बदलायचं मोठं एस्टिमेट दिलं. दुसरा म्हणतो, आतली जाळी फोडून पोकळ करून देतो. आणि पुढची गाडी हायब्रिड घेतली तर ही कटकट जाईल का, हेही विचारलंय.

साताऱ्यात पेट्रोल गाड्यांचंच काम करत आलोय, म्हणून ठामपणे सांगतो: आज कन्व्हर्टर बदलू नका, आणि पोकळ तर अजिबात करून घेऊ नका.

कन्व्हर्टरच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर असतो आणि नंतर एक. आधीचा हवा-पेट्रोलचं प्रमाण सांभाळतो. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, ई२० ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) त्याहून कमी. जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा लेप असतो आणि सोबत सेरियम ऑक्साईड, जे ऑक्सिजन साठवतं आणि लागेल तसं सोडतं. त्यामुळे कन्व्हर्टर चांगला असेल तर मागच्या सेन्सरचं व्होल्टेज गरम इंजिनवर, एका वेगात, ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास जवळजवळ स्थिर राहतं. साठवण कमी झाली की ते ०.१ ते ०.९ असं भराभर वरखाली नाचतं, आणि तेव्हा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) हा कोड टाकतो.

पण व्होल्टेज नाचायला कारण दुसरंही असू शकतं. मागच्या सेन्सरच्या अलीकडे पाईपला बारीक चीर असेल किंवा गॅस्केट फुंकत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर फसतो. सकाळी थंड इंजिन चालू करून बॉनेट उघडा आणि मॅनिफोल्डपाशी (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या पाईपच्या सुरुवातीपाशी) कान द्या. बारीक टिकटिक येत असेल आणि इंजिन तापल्यावर ती बंद होत असेल, तर तिथे लीक आहे असं समजा. धातू फुगून चीर मिटते. सेन्सरच्या वायरीही बघा. आपल्याकडे उसाच्या पट्ट्यात उंदरांनी वायर कुरतडलेल्या गाड्या नेहमी येतात.

लीक नसेल आणि कन्व्हर्टर खरंच कमजोर झाला असेल, तरी तो सहसा आपणहून जात नाही, त्याला कुणीतरी मारतं. सगळ्यात वाईट म्हणजे मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलेंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं. कॉइल किंवा प्लग कमजोर झाला की न जळलेलं पेट्रोल थेट जाळीवर जाऊन तिथे पेटतं आणि जाळी वितळते. लाईट लुकलुकत असेल तर त्याचा अर्थ हाच, गाडी लगेच बाजूला घ्या. दुसरा शत्रू जळणारं ऑईल. त्यातलं फॉस्फरस आणि झिंक लेपावर बसतं आणि तो कायमचा निकामी करतं. चारही प्लग काढून पांढऱ्या कागदावर ओळीने ठेवा. एखादाच तेलकट काळा किंवा राखेसारखा पांढरा थर असलेला निघाला, तर गुन्हेगार त्याच सिलेंडरमध्ये आहे. डिपस्टिकची पातळी लिहून ठेवा आणि हजार किलोमीटरनंतर परत बघा. हे न शोधता नवा कन्व्हर्टर बसवलात तर तोही त्याच वाटेने जाणार.

पीयूसी पास आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. ती जागेवर उभ्या, तापलेल्या गाडीची चाचणी आहे. तेव्हा धूर कमी असतो आणि अर्धवट थकलेला कन्व्हर्टरही तेवढं काम निभावतो.

पोकळ करण्याबद्दल. कोड तरीही जात नाही, मग सॉफ्टवेअरमध्ये लाईट बंद करावा लागतो, म्हणजे पुढची खरी मिसिंगही दिसणार नाही. काढलेल्या जाळीला भंगारात चांगला भाव येतो, ती कुणाकडे जाते ते विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दंड आहे तो वेगळाच. आणि जो कार्बन मोनॉक्साईड कन्व्हर्टर निष्प्रभ करत होता, तो मिरजेच्या सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या दुचाकीवरच्या पोराच्या नाकात जाणार. मला तरी हे पटत नाही.

टाकी भरताना ऑटो कट झाल्यावर पंपावरचा मुलगा "राऊंड फिगर करू का?" म्हणतो, तेव्हा नको म्हणा. जास्तीचं पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये जातं, आणि तो बिघडला की वेगळे कोड सुरू होतात.

आता हायब्रिड. त्यातही हाच कन्व्हर्टर, हेच सेन्सर. फरक इतका, की इंजिन वारंवार बंद-चालू होतं, आणि कन्व्हर्टरला तर कामाला लागायला २५०-३०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. म्हणून काही वेळा गाडी उभी असतानाही इंजिन आपोआप चालू होतं. ते बिघाडामुळे नाही, कन्व्हर्टर तापवायला. पण सांगलीतच विश्रामबाग ते मार्केट यार्ड एवढंच फिरणं असेल तर इंजिन नीट तापतच नाही. ऑईलमध्ये पेट्रोल आणि पाणी मिसळतं, ईजीआर व्हॉल्व्हमध्ये (थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेत) कार्बन साचतो. शिवाय मिसिंग चटकन कळत नाही, कारण मोटर तो झटका झाकून टाकते. हायब्रिड घेतलीत तर ऑईल किलोमीटरपेक्षा महिन्यांवर बदला, आणि अधूनमधून कराडपर्यंत सलग चालवून आणा. जुनी घेणार असाल तर २०१९ किंवा २०२१ च्या पुरात उभी होती का ते आधी तपासा. सायलेन्सरमध्ये गेलेला गाळ धुऊन निघत नाही.

तुमच्या गाडीची फ्रीझ फ्रेम (कोड पडला त्या क्षणाची स्कॅनरवरची नोंद), दोन्ही फ्युएल ट्रिमचे (ईसीयू पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय त्याचे, शॉर्ट आणि लाँग टर्म) आकडे आणि मागच्या सेन्सरचा ग्राफ इथे टाका. लाँग टर्म ट्रिम अधिक दहा टक्क्यांच्या वर असेल, तर कन्व्हर्टरचा विषय सोडून आधी हवेचा लीक आणि पेट्रोलचं प्रेशर बघू.