बास्केटबॉल खेळाडूची पारख अ‍ॅडव्हान्स्ड आकडेवारीवरून करता येते का? कुठला आकडा धरावा?

निपाणीत शाळेची टीम बघताय आणि बारा पोरं निवडताना पीईआर (खेळाडूच्या सगळ्या कामगिरीचा मिळून एकच आकडा) धरू की प्लस-मायनस (तो कोर्टवर असताना टीम किती पॉइंटनी पुढे किंवा मागे), असं विचारलंत. पीईआर सोडा. त्यात १५ म्हणजे सरासरी, ती अमेरिकेतल्या एनबीएच्या अख्ख्या लीगवरून काढलेली. तुमच्या सहा मॅचांत ते गणित बसत नाही. शिवाय डिफेन्स त्याला स्टील-ब्लॉकपलीकडे (चेंडू हिसकावणं, शॉट अडवणं) फारसा दिसतच नाही. पण नुसते पॉइंट मोजून निवडलंत तर त्याहून वाईट. मी भोगलंय.

२००३, बेळगाव, शाळांची फायनल. मातीचं कोर्ट, चुन्याच्या रेषा. आम्ही ३ पॉइंटनी हरलो. माझ्या आतेभावाने २२ मारले, मी ४. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याची टीम ठरवताना सरांनी स्कोअरशीटवरून बोट फिरवलं आणि कानडीत एवढंच विचारलं, "यार्दु जास्ती?" कोणाचे जास्त. झालं. तो बसमध्ये बसला, मी त्याची बॅग वर टाकून घरी आलो.

स्कोअरशीटवर बास्केट कोणी केली ते असतं. चुकलेले शॉट नसतात, कोण कितव्या मिनिटाला बाहेर आला तेही नसतं. पण माझी धाकटी बहीण डबा घेऊन आली होती, आणि बसल्या बसल्या तिने भूमितीच्या वहीच्या मागच्या पानावर सगळं टिपलं: आत गेला तर फुली, चुकला तर गोल, कोणी बदलला की मिनिट. भावाच्या नावापुढे नुसते गोलच गोल, दोन ओळी भरून. २४ शॉटपैकी ८ आत, तीनचा एकही नाही. फ्री थ्रो १० पैकी ६. आता ट्रू शूटिंग काढा, म्हणजे फ्री थ्रो धरून मारलेल्या शॉटांच्या मानाने पॉइंट किती आले त्याची टक्केवारी. शॉटमध्ये फ्री थ्रोची ०.४४ पट मिळवायची (सगळे फ्री थ्रो काही जोडीने येत नाहीत, म्हणून अर्ध्याहून कमी), त्याची दुप्पट करायची, तिने पॉइंटना भागायचं. २२ भागिले ५६.८. धड ३९ टक्केही नाही! आणि मी आत होतो त्या २२ मिनिटांत आम्ही ९ ने पुढे, उरलेल्या १८ मिनिटांत १२ ने मागे.

भावाचं आता खानापूरला हार्डवेअरचं दुकान आहे. दर गणपतीला बावीसचा विषय निघतोच. मी वही काढली की म्हणतो, "चार पॉइंट काढून मला शिकवायलास काय लेका?" त्याला मी एनबीएतल्या ह्यूस्टनच्या टीमकडून खेळलेल्या शेन बॅटियरचं सांगतो: पॉइंट बेताचे, पण तो कोर्टवर असला की टीम चांगली चालायची. तो म्हणतो, "तू बॅटियर काय?"

तुम्ही एवढंच करा: खेळायला न मिळालेल्या एका पोराला वही देऊन बसवा. चुकलेले शॉट, टर्नओव्हर (हातचा चेंडू घालवणं) आणि बदलीची मिनिटं, एवढं लिहिलं तरी पुरे. पॉइंट कोणीही लक्षात ठेवतो.

हो, एका मॅचच्या प्लस-मायनसवरून कोणाला काढू नका. सोबत कोण, समोर कोण, यावर तो हलतो. माझ्या त्या २२ मिनिटांतली बरीचशी मिनिटं त्यांचा सगळ्यात उंच पोरगा चार फाउल घेऊन बाकावर होता. तेही बहिणीने लिहून ठेवलंय, त्याच पानावर, खालच्या कोपऱ्यात. भावाला वही दाखवताना तिथे माझा अंगठा असतो.