शिक्षा, शिकणे आणि सीटबेल्टची टिंगटिंग

प्रश्न : बी.एड.च्या नोट्समध्ये 'ऋण प्रबलन' असा शब्द आहे. ती शिक्षाच ना? मग एकाच गोष्टीला दोन शब्द कशाला? (एक विद्यार्थिनी, नाशिकरोड)

नाही हो, नाही! हे ऐकून ऐकून कान किटले आहेत. मध्यंतरी इथल्याच एका शाळेच्या पालकसभेत एक बाई माइकवरून अभिमानाने सांगत होत्या, "गृहपाठ न करणाऱ्यांना आम्ही ऋण प्रबलन देतो, मैदानाच्या चार फेऱ्या!" बाई, फेऱ्या ही शिक्षा. प्रबलनाने वर्तन वाढतं, मग ते धन असो की ऋण. इथला ऋण कर्जातला नाही आणि 'वाईट' या अर्थाचाही नाही, तो वजाबाकीतला आहे. नकोशी गोष्ट वजा होते, म्हणून वर्तन पुन्हा घडतं. द्वारका चौकापर्यंत गाडी टिंगटिंग करत राहते, वैतागून तुम्ही पट्टा लावता, आवाज थांबतो. दोन दिवसांनी बसल्याबसल्या हात पट्ट्याकडे जातो. झालं ऋण प्रबलन. मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगाच्या पेटीतला उंदीर विजेचा त्रास थांबवायला कळ दाबतो, तेही हेच. पुढच्या सिग्नलला पावती फाटली तर ती शिक्षा, आणि शिक्षेने वर्तन तेवढ्यापुरतं दबतं, असं खुद्द स्किनरचंच मत होतं.

पण खरी मौज 'शिक्षा' या शब्दात आहे आणि ती कोणी विचारतच नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांवर 'सर्व शिक्षा अभियान' रंगवलं तेव्हा मराठी माणूस हसला, 'सगळ्यांनाच शिक्षा?' म्हणून. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, आपल्याकडे दंड. वेदांगांत तर शिक्षा म्हणजे उच्चारशास्त्र. या सगळ्यांच्या मुळाशी आहे शक्, म्हणजे समर्थ असणे. त्याला इच्छा दाखवणारा 'सन्' प्रत्यय लागला की होतं 'शिक्षति' : आपल्याला जमावं असं वाटणे. पिण्याची इच्छा पिपासा, जाणण्याची जिज्ञासा, ऐकण्याची शुश्रूषा (हो, ऐकण्याची! रुग्णाची सेवा हा नंतरचा अर्थ), तशी 'शकण्याची' इच्छा ती शिक्षा. म्हणजे मराठीतले शकणे आणि शिकणे हे एका घरचे. 'मला पोहता येऊ शकेल का?' असं ज्याला वाटलं, तो शिकायला लागला.

पंचवटीतले एक वैयाकरण स्नेही यावर दरवेळी धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची अर्थासह यादी, काढतात. त्यात 'शिक्ष विद्योपादाने' असा स्वतंत्र धातू दिला आहे म्हणे. दिला आहे, मान्य. पण तिथे अर्थ सांगितला आहे, कूळ नाही. आणि पाणिनीने सातव्या अध्यायात, लभ् पासून लिप्सा (मिळवण्याची इच्छा) साधणाऱ्या सूत्रातच शक् का घेतला, यावर स्वारी चहा मागवते. शिक्षा शास् पासून आणणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. शास्त्र, शासन, शिष्य ही शास् ची पोरं. शिक्षक त्या घरातला नाहीच. दंडाचा अर्थ मात्र आपण 'धडा शिकवतो'च्या चालीने जोडून घेतला असावा, असं मला वाटतं.

आता गंमत पाहा. १९१३ साली वर्तनवादाचा जनक वॉटसन याने जाहीर केलं की मानसशास्त्राने फक्त दिसणारं वर्तन पाहावं. मन, इच्छा यांना दाराबाहेर काढलं. आणि आपला 'शिकणे' हा शब्द तर इच्छेच्याच पोटी जन्मलेला! मग वर्तनवाद्यांच्या 'शिकण्या'ला मराठीत म्हणायचं काय? माझं उत्तर तयार आहे : वळण. 'अभिसंधान' (कंडिशनिंग) हा पाठ्यपुस्तकी शब्द घरात कोण बोलतं? पोराला वळण लावतात, अक्षराला वळण असतं, आणि निफाड-दिंडोरीकडे कुठल्याही नव्या द्राक्षबागेत जा. वेल सुतळीने बांबूला बांधत वर नेतात, तारेजवळ आली की शेंडा खुडतात आणि फुटवे तारेवर दोन्हीकडे वळवून ओलांडे, म्हणजे आडव्या मुख्य फांद्या, धरतात. बाहेरून बांधा, खुडा, वळवा. वेलीला काय वाटतं हे कोणी विचारत नाही, वॉटसननेही विचारलं नसतं. बाग मात्र फळते, हे कबूल केलं पाहिजे.

तुमच्या पेपरात यातलं काही लिहू नका, गुण जातील. तिथे सीटबेल्ट लिहा.