वाचक विचारतात : बिल्वमंगळ अख्खा बघायला मिळेल का?

प्रश्न : आजी गोष्ट सांगायची, एक जण नायकिणीच्या नादी लागतो, पुरात मढ्याला धरून नदी ओलांडतो आणि शेवटी संत होतो. परवा एक जण म्हणाला ह्यावर 1919चा मूकपट आहे आणि तो पुण्यात आहे. फाळक्यांचा का? अख्खा बघायला मिळेल? (एक वाचक, सांगली)

उत्तर : फाळक्यांचा नाही हो. त्यांचा त्या वर्षीचा 'कालिया मर्दन', त्यात त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झालीये. तुमचा तो 'बिल्वमंगळ', कलकत्त्याच्या मदन कंपनीचा, डायरेक्टर रुस्तमजी धोतीवाला, 1 नोव्हेंबर 1919ला तिथल्या कॉर्नवॉलिस थिएटरात लागला. चिंतामणीच्या, म्हणजे त्या नायकिणीच्या, कामाला मिस गोहर, आणि ही पुढची रणजीत मूव्हीटोन कंपनीवाली नटी गोहर नव्हे बरं का, ती तेव्हा 9 वर्षांचीही नव्हती.

गोष्ट आजीने सांगितली तीच. मढं त्याला ओंडका वाटतं, भिंतीवर लोंबणारा साप दोर वाटतो, तो धरून हा ओलाचिंब वर चढतो आणि चिंतामणी त्यालाच झापते, की माझ्या हाडामांसावर जेवढा जीव टाकतोस तेवढा देवावर टाकला असतास तर! (हाच प्रसंग आपल्याकडे तुलसीदासांच्या नावावरही सांगतात.) पण एवढ्यावर माणूस सुधारत नाही, पुढे परक्याच्या बायकोवर नजर जाते आणि मग तो स्वतःचेच डोळे फोडून घेतो, म्हणून ह्या सिनेमाला 'भगत सूरदास' असंही नाव आहे. मला स्वतःला हे फाळक्यांच्या चमत्कारांपेक्षा जास्त आवडतं, कारण इथे देव नाही तर घसरलेला माणूस हिरो आहे, आणि खरं सांगायचं तर पब्लिकला शेवटच्या भक्तीइतकंच आधीच्या कोठ्याचंही आकर्षण असणार, फक्त घरी सांगायला धार्मिक पिक्चर बघून आलो!

आता अख्खा, तर नाही. मूळ फिल्म 12,000 फूट होती. पॅरिसच्या सिनेमाथेक फ्रान्सेज ह्या फिल्म-संग्रहालयाकडे त्यातला 594 मीटरचा तुकडा निघाला, तो 2016 साली डिजिटल होऊन पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आला, बदल्यात आपण त्यांना 1931च्या 'जमाई बाबू' ह्या बंगाली मूकपटाची कॉपी दिली. 594 मीटर म्हणजे साधारण 1,950 फूट, सहावा हिस्सा. सेकंदाला 18 फ्रेमने चालवला तर अर्धा तासही भरत नाही. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, पेट घ्यायची, नाहीतर डब्यातच कुजायची, काही तर चांदी काढायला वितळवली गेली, त्यामुळे एवढं उरलं हेच खूप म्हणायचं.

लॉ कॉलेज रोडवरच्या ह्या संग्रहालयात जायचं असेल तर आधी फोन करून विचारा, ते काही थिएटर नाही की गेलं आणि तिकीट काढलं.