"गावठी टर्की मिळेल" : बोर्ड बरोबर का चूक?

विट्याहून एका वाचकानं फोटो पाठवलाय. रस्त्याकडेला बाभळीला तारेनं बांधलेला पत्रा आणि त्यावर लाल ऑइलपेंटनं लिहिलंय "गावठी टर्की मिळेल". सोबत तीन प्रश्न. टर्की हा पक्षी तुर्कस्तानचा का, आणि नसेल तर नाव तसं का? टर्की तो, ती का ते, आणि अनेकवचन काय? आणि तिसरा जरा चिडूनच विचारलाय, की परदेशी पक्षी गावठी कसा असेल, बोर्डवाल्याला मराठी येत नाही का?

येतं की. चांगलं येतं. पण त्याच्याकडं शेवटी येतो.

लिंगाचं पटकन उरकतं म्हणून ते आधी. आपल्याकडं लोकं "टर्की कोंबडी" म्हणतात, त्यातली कोंबडी गळली तरी ती "ती"च राहते, आणि तसंही ईकारान्त बाहेरचा शब्द आला की मराठी त्याला बहुतेक वेळा स्त्रीलिंगात बसवते, टॅक्सी, बॅटरी, डिक्की, सगळ्या "ती". मग टॅक्सीचं टॅक्स्या, बॅटरीचं बॅटऱ्या तसं टर्कीचं टर्क्या. मी स्वतः तासगावकडं "आमच्या दोन टर्क्या कुत्र्यानं नेल्या" हे वाक्य ऐकलंय, बोलणाऱ्याला दुःख कोंबड्यांचं होतं, व्याकरणाचं कुठलंच नव्हतं. नराला "टर्कीचा कोंबडा" नाहीतर नुसतं "नर". छापील मराठीत अनेकवचन पण टर्कीच ठेवतात, "दहा टर्की", ते चूक म्हणत नाही पण मला ते सुटाबुटातलं वाटतं.

आता नाव. हा पक्षी मूळचा मेक्सिकोचा. तिथल्या लोकांनी तो दोन हजार वर्षांपूर्वीच माणसाळवला होता, आणि आजच्या अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या प्वेब्लो लोकांच्या पूर्वजांनी वेगळ्यानं, त्यांचा त्यांचा माणसाळवला. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. इंग्रजांकडं त्याच्याआधी आफ्रिकेतली गिनी कोंबडी यायची, अंगभर पांढरे ठिपके असलेली, आपल्याकडं साप दिसला की गलका करते म्हणून फार्महाऊसवर पाळतात तीच. ती तुर्कांच्या मुलखातल्या व्यापाऱ्यांकडनं यायची म्हणून तिला "टर्की कॉक", तुर्कांचा कोंबडा. मग मेक्सिकोचा हा थोराड पक्षी आला, लोकांनी दोघांत गल्लत केली, नाव याला चिकटलं आणि गिनी कोंबडीचं नाव गेलं ते गेलंच. गंमत म्हणजे १७५८ साली लिनिअसनं शास्त्रीय नाव दिलं मेलिॲग्रिस गॅलोपावो, त्यातलं मेलिॲग्रिस हे पण ग्रीकांचं गिनी कोंबडीचंच नाव आणि गॅलोपावो म्हणजे कोंबडा अधिक मोर. म्हणजे शास्त्राच्या दप्तरीसुद्धा सातबारा दुसऱ्याच्याच नावावर.

आणि तुर्कस्तानात जाऊन विचारा याला काय म्हणता, तर ते म्हणतात "हिंदी". खरंच, तुर्की भाषेत टर्कीला हिंदी म्हणतात. फ्रेंच "दँद" म्हणतात, म्हणजे भारताचा. रशियन "इंदेयका", पोलिश "इंदिक", हिब्रूत "तर्नगोल होदू" म्हणजे हिंदुस्थानी कोंबडा. कोलंबस अमेरिकेत उतरून इंडियात आलो म्हणाला त्याची फळं हा पक्षी अजून भोगतोय. डचांनी तर थेट गावच सांगितलं, "काल्कून", म्हणजे कालिकतची कोंबडी! मग तेच डच पुढं मलायाकडं गेले, तिथल्या लोकांनी नाव ठेवलं "आयाम बलांदा", डच कोंबडी. इजिप्तमध्ये "दीक रूमी", रूमचा कोंबडा, रूम म्हणजे पूर्वीचा रोमन, पुढं तुर्कांचा झालेला मुलूख. पोर्तुगीज म्हणाले "पेरू", दक्षिण अमेरिकेतला देश. इतके पत्ते आणि मेक्सिको एकातपण नाही. घरचं नाव फक्त मेक्सिकोतच टिकलं, ॲझटेक लोकांच्या नावाट्ल भाषेतल्या "हुएशोलोत्ल"चं तिथल्या स्पॅनिशमध्ये झालेलं "ग्वाहोलोते".

हे वाचून युरोपियनांना हसायच्या आधी आपल्या बाजारात एक चक्कर मारा. "इंग्लिश अंडी द्या एक डझन" म्हणतो ना आपण? पोल्ट्रीतल्या पांढऱ्या अंड्याला इंग्लंडशी काय घेणं, ती घालणारी व्हाईट लेगहॉर्न आणि लेगहॉर्न हे इटलीतल्या लिव्होर्नो बंदराचं इंग्रजांनी मोडलेलं नाव. म्हणजे इटलीच्या नावाच्या कोंबडीनं मिरजेच्या शेडात घातलेलं अंडं इंग्लिश. जुनी माणसं साखरेला "मोरस" म्हणायची, कारण ती मॉरिशसहून यायची. दुधाची कुठलीपण संकरित गाय आपल्याकडं "जर्सी", मग ती होल्स्टिनची काळीपांढरी का असेना. विलायती चिंच पण मेक्सिकोकडचीच, विलायतेत तिचं झाडसुद्धा उभं राहायचं नाही. लोकं नाव ठेवतात ते माल कुणाच्या गाडीतनं उतरला ते बघून, तो पिकला कुठं हे कुणी विचारत बसत नाही.

आपण मराठीवाल्यांनी यात एक काम नकळत चांगलं केलंय. देशाला आपण तुर्कस्तान म्हणतो, भाषेला तुर्की, दोन्हीत "त", कारण ते शब्द फारसीकडनं आले. पक्ष्याला टर्की, "ट", कारण तो इंग्रजीतनं आला आणि इंग्रजी टी आपल्या कानाला ट ऐकू येतो. त्यामुळं इंग्रजीत देशाचं नि कोंबडीचं नाव एक होऊन जी चेष्टा व्हायची (२०२२ साली त्यांनी संयुक्त राष्ट्रांत नाव बदलून तुर्कीये करून घेतलं, त्यामागं हे पण एक कारण सांगितलं जातं) ती मराठीत होतच नाही. म्हणून कृपा करून शुद्धीच्या नादानं "तुर्की कोंबडी" लिहू नका, बसलेली घडी विस्कटेल.

पेरूवरनं आठवलं. हिंदी-उर्दूच्या जुन्या कोशांत "पेरू" म्हणजे टर्की असं सापडतं, पोर्तुगीजांकडनं आलेलं. आपल्याकडं मात्र पेरू म्हणजे फळ, आणि त्याचा संबंध बहुतेकजण पोर्तुगीज "पेरा" म्हणजे नाशपातीशी जोडतात. जागा आधीच भरलेली असल्यावर पक्ष्याला पेरू म्हणणार कोण, "काल पेरूचा रस्सा केला" म्हटल्यावर पाहुणा जेवायलाच थांबायचा नाही.

उर्दूत आणखी एक नाव आहे, "फीलमुर्ग". फील म्हणजे हत्ती, आपल्या पीलखान्यातला पील तोच. हत्तीकोंबडा. हे मी कोशात वाचलं तेव्हा वाटलं आकारामुळं म्हणत असतील. मग मागच्या हिवाळ्यात तासगाव रस्त्याला मित्राच्या मळ्यात गेलो, त्यानं सातआठ टर्क्या पाळल्यात. एक नर शेपटीचा पंखा उघडून, पंख जमिनीला घासत माझ्यापुढं येऊन उभा राहिला. हातभर अंतरावरनं बघितलं. चोचीच्या मुळाशी एक मांसाचा तुकडा होता, आधी बोटाच्या पेराएवढा, आणि बघता बघता तो लांबला आणि चोचीवरनं खाली लोंबायला लागला. डोकं निळसर होतं, गळ्याखालच्या गाठी लालभडक झाल्या, कपाळ पांढरं पडलं, सगळं अर्ध्या मिनिटात. तेवढ्यात माझा फोन वाजला आणि शेडातले सगळे नर एकदम गळगळगळ करून ओरडले, कुठलाही मोठा आवाज झाला की ते उत्तर देतातच म्हणे. मित्राची आई आतनं ओरडली, "आरं बाजूला हो की, सोंड्या रागात हाय!"

सोंड्या! काकूंना फारसीचा गंध नाही, पण फीलमुर्ग म्हणणाऱ्यानं जे बघितलं तेच त्यांनी बघितलं. मला विचाराल तर या पक्ष्याच्या सगळ्या नावांत ही दोनच नावं त्याच्याकडं नीट बघून ठेवलेली. तिसरं धरायचं तर इराणी लोकांचं "बूकलमून", म्हणजे रंग बदलणारा, सरडा.

सरड्याशी तुलना जहांगीर बादशहानंपण केलीय. १६१२ साली त्याच्या मुकर्रब खान या सरदारानं गोव्यातनं काही अजब जनावरं नेली दरबारात, त्यात ही टर्की होती. बादशहानं आठवणींत लिहून ठेवलंय की असं काही आधी बघितलं नव्हतं, नावपण कुणाला माहीत नव्हतं, आणि मग डोकं कसं घडीत पोवळ्यासारखं लाल, घडीत कापसासारखं पांढरं, मधनंच फिरोजी होतं ते अगदी बारकाईनं सांगितलंय. दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरनं काढलेलं तिचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. त्यात सोंड बघा आवर्जून.

आता जाती, कारण गावठीचं उत्तर त्यात आहे. अमेरिकेत १८७४ साली पोल्ट्री असोसिएशननं पहिल्यांदा टर्कीच्या जाती नोंदवल्या त्यात ब्लॅक, ब्रॉन्झ, नॅरागॅन्सेट, स्लेट आणि व्हाईट हॉलंड होत्या. युरोपात जाऊन पाळीव झालेली टर्की वसाहतवाल्यांनी परत अमेरिकेत नेली, तिथल्या रानटी टर्कीशी तिचा संकर झाला आणि ब्रॉन्झ निघाली, म्हणजे माहेरी परत येऊन सोयरीक. नॅरागॅन्सेट हे ऱ्होड आयलंडच्या खाडीचं नाव, ते खरं आहे. बर्बन रेड केंटकीतल्या बर्बन काउंटीची, पण त्या काउंटीला नाव फ्रान्सच्या राजघराण्याचं. इंग्लंडची नॉरफोक ब्लॅक म्हणजे स्पेनमार्गे आलेली काळी मेक्सिकन, तिकडनं हे कळप लंडनच्या बाजारला चालत न्यायचे आणि पाय झिजू नयेत म्हणून डांबरात बुडवायचे, आपण ऊसगाडीच्या बैलाला पत्री मारतो तसं. बेल्ट्सव्हिल स्मॉल व्हाईट ही मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिलच्या सरकारी संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात तयार करायला घेतली, लहान घरातल्या ओव्हनमध्ये मावेल अशी. आता व्यापारात सगळीकडं ब्रॉड ब्रेस्टेड व्हाईट. पांढरी का, तर पिसं उपटल्यावर कातडीवर काळे ठिपके उरत नाहीत. आणि छाती इतकी वाढवलीय की नराला नैसर्गिक जोडी लावता येत नाही, कृत्रिम रेतन करावं लागतं.

आपल्या देशात इज्जतनगरच्या पक्षी संशोधन संस्थेची (इंग्रजी आद्याक्षरांत "कारी") कारी विराट ही जात आहे, तमिळनाडूत नंदनम टर्की आहे, ती आपल्याकडच्या काळ्या देशी टर्कीत बेल्ट्सव्हिल मिसळून केलेली. हा "देशी" शब्द तिथल्या शास्त्रज्ञांचा, विट्याच्या बोर्डवाल्याचा नाही.

तर "गावठी". गावठी म्हणजे इथं उगम पावलेली असा अर्थ मराठीत नाहीच. गावठी म्हणजे कंपनीची नाही, खाद्याच्या गोणीवर वाढलेली नाही, उकिरडा उकरते, अंड्यावर स्वतः बसते आणि पिल्लं काढते (टर्कीला २८ दिवस लागतात, कोंबडीला २१). बॉयलर विरुद्ध गावठी, तेवढीच वाटणी. टोमॅटो अमेरिकेचा, तरी सांगलीच्या मंडईत आंबट टोमॅटो हवा असला की आपण गावठीच मागतो. बोर्डवाला सांगतोय की माझ्याकडची ती पांढरी छातीवाली नाही, ही बारकी, काळी, मोकळी फिरणारी आहे. फोटोत बोर्डाखाली एक काळी पाठमोरी दिसतेय पण, झूम करा.

राहिलं "मिळेल". "गावठी कोंबडी मिळेल" असं एकवचनीच लिहितात सगळीकडं, जात म्हणून बोललं की एकवचन चालतं, "ऊस मिळेल", "मटण मिळेल". "टर्क्या मिळतील" लिहिलं असतं तर चार जिवंत पक्षी पाटीत घालून नेता येतील असं वाटलं असतं. कापून देतो का जिवंत देतो ते फोन करूनच विचारा, आणि जिवंत देत असेल तर मुलाला सोंड्याच्या जरा लांब उभं करा.