विहीर माझी, मळा माझा, मग स्फटिक कुणाचे?

प्रश्न : मी सिन्नर तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. गेली ३० वर्षं स्फटिक आणि रत्नखनिजांचे नमुने जमवतो. मागच्या उन्हाळ्यात मळ्यात विहिरीचं काम काढलं. ३५ फुटांवर सुरुंग लावला, काळा पाषाण फुटला आणि आत अख्खी पोकळी निघाली : हिरवट अपोफिलाइट, पिवळट गुलाबी स्टिलबाइट या खनिजांचे स्फटिक. थोडे नमुने ठेवून बाकीचे एका व्यापाऱ्याला १,२०,००० रुपयांना दिले. भाऊबंदांपैकी कुणीतरी तक्रार केली. तलाठ्यांनी पंचनामा केला. आता तहसीलदारांची नोटीस आली आहे : गौण खनिजाचं (वाळू, मुरूम, दगड असा खनिजांचा सरकारी वर्ग) विनापरवाना उत्खनन केल्याबद्दल ६ लाख रुपये दंड का लावू नये, १५ दिवसांत खुलासा करा. गावात लोक म्हणतात, घरातला सगळा संग्रहच चोरीचा ठरणार आणि जयपूरहून बिलावर घेतलेला बेरिलचा निळा स्फटिक ‘अणुखनिज’ म्हणून जप्त होणार. सातबारा माझ्या नावावर आहे. मी चोर कसा?

उत्तर :

गुरुजी, तुम्ही चोर नाही. पण ‘सातबारा माझ्या नावावर आहे’ हे वाक्य खुलाशात पहिलं घालणार असाल, तर थांबा. त्या वाक्यावर तुम्ही हराल.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम ४८ म्हणतं की, शासनाने जमीन देतानाच खनिजांचा हक्क स्पष्टपणे सोडला नसेल, तर जमिनीतली खनिजं शासनाची. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं की, कायद्याने हक्क काढून घेतला नसेल तर जमिनीखालचं खनिज जमीनमालकाचंच. हा निकाल तुम्हाला कुणीतरी मोबाइलवर पाठवेलच. पण आपल्याकडे हक्क काढून घेणारं कलम आहे, आणि ते हेच. म्हणून सातबारा जोडा, पण तो विहीर तुमच्या मळ्यात होती हे दाखवायला. स्फटिक तुमचे होते हे त्याने सिद्ध होत नाही.

याच कलमाचं पोटकलम (७) फार व्यापक आहे. परवानगीशिवाय खनिज काढणारा, नेणारा, गोळा करणारा, इतकंच काय ‘उचलणारा’सुद्धा त्यात येतो, आणि जागांमध्ये चालू खाणीपासून शेत, बांध, नाल्यापर्यंत सगळं आलंय. लहानपणी पांडवलेण्याच्या पायथ्याशी मी फ्रॉकच्या ओच्यात चमकते दगड भरून आणत असे. कायद्याचं हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तो ओचा आठवला. दंड खनिजाच्या बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत होऊ शकतो. तुमच्या नोटिशीतला हिशोब इथूनच आलाय : १,२०,००० गुणिले ५.

आणि नोटीस कच्ची आहे ती नेमकी या हिशोबात. कायदा ‘पाचपटीपर्यंत’ म्हणतो, ‘पाचपट’ नव्हे. सरसकट वरचं टोक गाठायचं, तर त्याची कारणं आदेशात यायला हवीत. शिवाय बाजारमूल्य कशाचं? व्यापाऱ्याने दिलेली किंमत धुतलेल्या, निवडलेल्या, कापसात गुंडाळलेल्या नमुन्यांची आहे. विहिरीच्या काठावर मुरमात पडलेल्या दगडाची ती किंमत नव्हे. पंचनाम्यात वजन लिहिलंय का, की नुसतं ‘अंदाजे ३ ब्रास’? तीन ब्रास म्हणजे तीनशे घनफूट. तो विहिरीतून निघालेला सगळा दगड आहे, आणि त्यातला बहुतेक अजून बांधावर पडून असेल. त्याचे फोटो काढा. पंचनाम्याची आणि मूल्यांकनाची नक्कल मागा. ती मिळेपर्यंत खुलाशाला मुदतवाढ मागणारा अर्ज आजच द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या. तोंडी ‘बघू’ म्हटलेलं कुठेही टिकत नाही.

दुसरा मुद्दा हेतूचा. तुम्ही खाण काढली नाही, पाण्यासाठी विहीर काढली. त्याची कागदं दाखवा : विहिरीचा प्रस्ताव, क्रेनवाल्याची आणि सुरुंगवाल्याची पावती, नंतरची वीजजोडणी. पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटलं होतं की, पायासाठी खणलेली माती गौण खनिज ठरते की नाही, हे ती कशासाठी वापरली यावर अवलंबून आहे. हा निकाल जरूर जोडा, पण त्याच्यावर सगळा भार टाकू नका. तो साध्या मातीबद्दल होता, आणि तुम्ही स्फटिक विकलेत. ‘विकलेच नाहीत’ असं तर चुकूनही लिहू नका. पैसे बँकेतून आले असतील तर पासबुक आधीच बोललेलं आहे. (ते पैसे शेतीचं उत्पन्न म्हणूनही दाखवू नका.)

‘गौण खनिज’ या शब्दाबद्दल : कोणत्या अधिसूचनेने हे स्फटिक गौण ठरतात, हे खुलाशात जरूर विचारा. ही वर्गवारी सतत बदलते. १० फेब्रुवारी २०१५ ला केंद्राने ३१ खनिजं गौण केली, त्यात अकीकही (अ‍ॅगेट) होती आणि क्वार्ट्झही. २० फेब्रुवारी २०२५ ला क्वार्ट्झ, फेल्डस्पार, अभ्रक आणि बॅराइट पुन्हा मुख्य खनिजांत गेली. म्हणजे एकाच पोकळीतली अकीक गौण आणि तिच्या पोटातली गार, म्हणजे क्वार्ट्झ, मुख्य! तरी सगळा डाव या मुद्द्यावर लावू नका. पोटकलम (७) ला खनिज गौण असण्याशी देणंघेणं नाही, कोणतंही खनिज त्यात येतं.

आता संग्रह. इथे मी तुम्हाला थोडं रागावणार आहे. ३० वर्षांत एक वही ठेवली नाहीत? नोटीस विहिरीपुरती आहे. खुलाशात घरातल्या कपाटांचा उल्लेखच करू नका. पण स्वतःसाठी आत्ताच यादी करा : कोणता दगड कुठून, कधी, कुणाकडून. दुकानातून किंवा प्रदर्शनातून घेतलेले वेगळे, पट्टेदाराने, म्हणजे सरकारकडून खाणपट्टा घेतलेल्या खाणमालकाने, दिलेले वेगळे. खाणीवरच्या मजुराला चहापाण्याचे पैसे देऊन घेतलेले हा नाजूक भाग आहे, कारण तो दगड मजुराचा नव्हताच. त्या खाणीचा पट्टेदार अजून असेल तर त्याच्याकडून ‘मी दिले’ असं खरं असेल तेवढंच लिहून घ्या. जुन्या तारखेची पावती बनवू नका. आज तुमच्यावर दंडाचं प्रकरण आहे, त्या पावतीने बनावट दस्तऐवजाचं होईल. राखीव वनातून उचललेलं काही असेल तर ते निराळं काढा. १९२७ च्या वन कायद्यात वनातले दगड आणि खनिजंही ‘वनोपज’ आहेत, तिथे वनखात्याशी गाठ पडते.

बेरिलचं ऐकून मला हसू आलं, पण गावातली अफवा पूर्ण निराधार नाही. १९५७ च्या खाण व खनिज कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत बेरिल खरोखरच अणुखनिजांच्या यादीत होतं. ऑगस्ट २०२३ च्या दुरुस्तीने ते लिथियम, टँटलम वगैरेंबरोबर तिथून काढून ‘महत्त्वाच्या व सामरिक’ खनिजांच्या यादीत घातलं. हे नियम खाण काढणाऱ्यासाठी आहेत, बिलावर एक स्फटिक विकत घेणाऱ्यासाठी नाहीत. पाचू हासुद्धा बेरिलच. तेवढ्यावर जप्ती व्हायची तर सराफ बाजार बंद ठेवावा लागेल. बिल जपा, त्याची एक प्रत मुलाकडे द्या. तो स्फटिक परदेशी पाठवायचा विचार मात्र लेखी चौकशी केल्याशिवाय करू नका. अणुऊर्जा कायद्याखालच्या विहित (सरकारने ठरवलेल्या, नियंत्रणाखालच्या) पदार्थांत बेरिलमधला बेरिलियम हा धातू येतो, आणि कस्टमच्या खिडकीवर असे वाद महाग पडतात.

फौजदारीची भीती किती? खनिज कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल न्यायालय अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीवरच घेतं. पण २०१४ च्या दिल्लीतल्या वाळूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चोरीचा गुन्हा वेगळा नोंदवता येतो असं सांगितलंय. म्हणून खुलासा रागाच्या भरात स्वतः लिहू नका. त्यातलं तुमचं वाक्य उद्या फिर्यादीत दिसू शकतं. महसुली कामं करणारा सिन्नर-नाशिकचा वकील धरा.

दंडाचा आदेश लेखी आणि तहसीलदार किंवा त्यांच्या वरच्या अधिकाऱ्याचाच हवा, तलाठ्यांच्या सांगण्यावरून एक रुपयाही भरू नका. आदेश विरोधात गेला तर तो हाती आल्यापासून ६० दिवसांत प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, नकलेसाठी लागलेले दिवस त्यातून वगळतात. अपिलाबरोबर स्थगितीचा अर्जही द्या, नाहीतर इकडे वसुली सुरू होते.

आणि सुनावणीला जाताना तो निळा स्फटिक साहेबांना दाखवायला म्हणून खिशात घालून नेऊ नका. जमवणाऱ्यांना हा मोह आवरत नाही, मला ठाऊक आहे.