जुन्या जीप चेरोकीला एक्सप्लोररचा अ‍ॅक्सल

जुन्या चेरोकीचा मागचा अ‍ॅक्सल बदलायचाय ना? मग नवा घेऊ नकोस, मित्रा. भंगारात 1995 ते 2001 ची फोर्ड एक्सप्लोरर शोध. तिचा 8.8 इंची (हा आतल्या मोठ्या गिअरचा व्यास) मागचा अ‍ॅक्सल 31 स्प्लाइनचा, म्हणजे दांड्याच्या टोकाला 31 दाते, डिस्क ब्रेक आयते, चाकाच्या पाच बोल्टांचं मापही चेरोकीशी जुळतं. कॅलिपर, हँडब्रेकच्या केबली सोबतच उचल. सुटे घेतलेस की स्वस्ताई संपली. तुझी जीप फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर गिअरचा रेशो (दात्यांचं प्रमाण) पुढच्या अ‍ॅक्सलसारखाच हवा.

अ‍ॅक्सलवर स्प्रिंग टेकतात त्या बैठका नव्याने वेल्ड कराव्या लागतात. आधी वेल्डिंगचे नुसते टाके मार, गाडी चाकांवर उभी करून पिनियनचा (ड्राइव्हशाफ्ट जोडतात त्या गिअरचा) कोन बघ, मगच पक्कं कर. हे काम जाणत्या वेल्डरकडूनच करून घे, इथे पैसे वाचवू नकोस. शेवटी मोकळ्या जागेत ब्रेक जोरात दाब. मागची चाकं आधी लॉक झाली तर प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हचं (मागच्या ब्रेकचा दाब आवरणाऱ्या व्हॉल्व्हचं) बघितल्याशिवाय रस्त्यावर काढू नकोस.